मोठे टायर आणि माझा रेसवरचा पाय

पेट्रोल कोण जास्त पितं यावरून आमच्या घरात एक अख्खा पावसाळा भांडण चाललं. पीत होती जीप, पण नाव निघायचं माझं. आज आठवलं की हसू येतं. तेव्हा मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. राग माझ्या नाकावरच असतो, ते आता कशाला लपवू? माहेरी दिघोरीला असताना आई हेच म्हणायची आणि लग्न होऊन साकोलीला आले तर इथंही सगळ्यांना तेच दिसलं.

साकोलीत आमचं खता-बियाण्यांचं दुकान होतं, हायवेच्या कडेलाच, आणि दुकानामागे घर. दुकानाची गादी माझ्या सासऱ्यांची. त्यांना मी मामाजी म्हणायचे, आमच्याकडे सुना तसंच म्हणतात. दुकानासमोर कडुनिंबाखाली आमची जीप उभी असायची. लिलावात घेतलेली, रंग कधीकाळी हिरवा, मागे पोती ठेवायला लाकडी फळ्या ठोकलेल्या. धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाला की गावोगावी खत पोचवायचं काम तिचं. ती बंद पडली तर आमचा हंगामच बुडायचा.

ही जीप मी शिकले तलावात. नीट वाचा, तलावातच. मे महिन्यात गावाबाहेरचा तलाव आटतो, तळाची माती वाळून भेगाळते आणि चांगलं लांबरुंद मैदान होतं. माझ्या नवऱ्यानं एका संध्याकाळी गंमत म्हणून मला तिथं नेलं आणि स्टिअरिंगवर बसवलं. "इथं धडकायले काहीच नाई. घाल कुठंबी," म्हणाले. मी पहिल्याच दिवशी तलावाच्या पाळीला नेऊन धडकवली. ते खाली उतरले, पाळीकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि पोट धरून हसत सुटले. मला इतका राग आला की दुसऱ्या दिवशी मीच म्हटलं, चला. आठवडाभरात गिअर हाताला बसले. पंधरवड्यात मी तलावात गोल गोल फिरवू लागले आणि पाळीवर बघ्यांची रांग लागू लागली. हौस म्हणून ह्यांनी मला भंडाऱ्याला नेऊन लायसन्ससुद्धा काढून दिलं. ते लायसन्स पेटीत पडून राहणार, असंच सगळ्यांना वाटत होतं. मलाही तेच वाटत होतं.

पण रोवण्याच्या तोंडावर दुकानात पोत्यांची थप्पी घसरली आणि ह्यांचा उजवा हात मोडला. प्लास्टर लागलं. मामाजींना गाडी येत नव्हती. एक ड्रायव्हर ठेवला, तर तो दोनच दिवस आला आणि स्वतःच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, रोवण्याला निघून गेला. त्या दिवसांत आमच्या भागात माणूस मिळणं म्हणजे देव पावणं. इकडे दिघोरीकडचे शेतकरी निरोपावर निरोप पाठवत होते. मामाजी गादीवर बसून नुसते मांडी बदलत होते.

मी चहा घेऊन गेले आणि म्हटलं, "मामाजी, मी नेतो ना गाडी." आमच्याकडे बायाही 'नेतो', 'देतो' असंच बोलतात.

"तू?"

"मी नाई तर कोण? हे एका हातानं नेतीन का?"

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आतून ओरडल्या, "माय वं! लोकं काय म्हणतीन?" पण लोकांना खत पाहिजे होतं. मी डोक्यावरचा पदर घट्ट खोचला, हे प्लास्टरचा हात सांभाळत शेजारी बसले आणि आम्ही निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बांध्यांमध्ये रोवणा चालला होता. वाकलेल्या बाया रोपांच्या जुड्या हातात घेऊन एकेक करून सरळ उभ्या राहिल्या. एकीनं हाक मारली, "कोण होय वं? बाई होय का?" मी हॉर्न वाजवला. काय सांगू तुम्हाला, तसा आनंद मला लग्नातही झाला नव्हता. माहेरच्या दारात मी स्वतः गाडी चालवत गेले. आई चुलीपुढून उठून राख लागलेल्या हातांनीच बाहेर आली आणि जीपच्या बॉनेटवर हात ठेवून बघतच राहिली.

आता टायरची गोष्ट. त्याच आठवड्यात, तो दोन दिवसांचा ड्रायव्हर होता तेव्हाच, मामाजींनी गाडीचे चारही टायर बदलले होते. जुने घासून गुळगुळीत झाले होते, चिखलात चाक नुसतं गरागरा फिरायचं. टायरवाल्यानं त्यांना जुन्याच मापाचे दाखवले, सहाशे-सोळा. पण त्याच्याकडे सातशे-सोळाही होते, जाड, उंच, खोल नक्षीचे. मामाजी म्हणाले, जीपला हेच लावा. गाडी घरी आली तेव्हा जरा उंच झालेली दिसत होती. मामाजी तिच्याभोवती दोनदा फिरले. "आता कोन्ता चिखल अडवते ते पाहतो," म्हणाले. खरं सांगायचं तर टायर चांगलेच होते. एकदाही फसले नाहीत.

फक्त गाडी पेट्रोल जास्त पिऊ लागली.

मामाजींची एक सवय होती. गाडी परत आली की ते गादीवरून उठायचे आणि आधी मीटर पाहायचे, मग माणसांकडे बघायचे. मीटर इतका फिरला, टाकी इतकी उतरली, हा हिशेब त्यांच्या डोक्यात पक्का असे. कागद त्यांना लागायचा नाही. रोवण्याचे दिवस संपत आले तसे ते मीटर पाहून मान हलवू लागले.

"सूनबाई, गाडी बम पेट्रोल पिऊन राहिली."

"चिखल आहे मामाजी. जोर लागते."

"चिखल काय औंदाच आहे? दरसाली असते." मग जरा थांबून, "तुहा पाय रेसवरून उठत नाई. मले वाटतेच."

झालं. त्या दिवसापासून तेच. पाव्हणे आले तरी तेच, नणंद करडीहून आली तरी तेच. "सूनबाईच्या हाती गाडी आल्यापासून टाकी टिकत नाई." नणंदेनं तर मला स्वयंपाकघरात गाठून विचारलं, "वयनी, तू लय जोरात चालवतेस का वं?" मी भाकरी अशी थापटली की परातीसकट हादरली.

त्यातून माझीच एक बढाई माझ्या अंगाशी आली. ह्यांनी गाडी नेली की दिघोरीपर्यंत मीटर तीसच्या आसपास दाखवायचा. माझ्या हातात सत्तावीस-अठ्ठावीस दाखवू लागला. मला वाटलं, मी सरळ चालवते म्हणून! हे खड्डे चुकवायला सारखे डावी-उजवीकडे घेतात, गाडी नागमोडी जाते, मी कशी धारेवर, सरळ रेषेत नेते. मी ह्यांना चिडवलंसुद्धा, "तुमच्या हाती माह्या माहेराचा रस्ता लांब होते, माह्या हाती जवळ येते." हे हसले. मामाजी हसले नाहीत. त्यांनी ते धरून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्याच तोंडावर मारलं. "म्हणजे कमी चालते आन् जास्त पिते. मंग पाय कोणाचा जड?" मी पाय आपटत आत गेले.

ह्यांचं प्लास्टर निघालं. हात बरा झाला. पोळ्याच्या आदल्या दिवशी मामाजींनी जेवताना जाहीर केलं, "पोळा झाला का गाडी आपल्या पोराच्या हाती. सूनबाईनं वक्ताले साथ दिली, आता बस झालं." शब्द गोड होते, रागही नव्हता त्यात. त्यांना खरंच वाटत होतं की ते मला सुट्टी देत आहेत. मी पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. मला गाडी हवी होती. सरळ सांगते, मला ती बांगड्या-पाटल्यांपेक्षा हवी होती. खताच्या वासानं भरलेली, खडखडणारी, पण तिच्यात बसले की मी कुणाला विचारून वळत नव्हते. रात्री ह्यांनी हळूच म्हटलं, "मले काही नाई वं, तू चालव. पण बाबांपुढं मी काय बोलू? पेट्रोल तर जाऊन राहिलं ना." खरं होतं ते. त्यांच्यावर तरी किती चिडणार?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. मोठ्या पोळ्याला खरे बैल, तान्ह्या पोळ्याला पोरांचे लाकडी. सुतारानं घडवलेला बैल, पायाखाली चाकं, गळ्यात दोरी. पोट्टे आपापला बैल सजवून घरोघरी ओढत नेतात आणि घरवाले हातावर खाऊ, नाणं, काहीतरी ठेवतात. त्याला बोजारा म्हणतात. माझी मुलगी तेव्हा चारेक वर्षांची. तिचा बैल वीतभर, चाकं सुपारीच्या डबीच्या झाकणाएवढी. शेजारच्या घरच्या मुलीचा बैल तिच्या गुडघ्याला लागेल एवढा, चाकं पुरीएवढी.

मी डोक्याला तेल लावून, रुसलेलं तोंड तसंच ठेवून मुलीच्या मागे चालत होते. दोघी बरोबरीनं बैल ओढत होत्या. आणि मुलगी कुरकुरायला लागली, "माहा बैल दमते! तिचा हळूहळू चालते तरी पुढं येते!" मी खाली पाहिलं. आमच्या बैलाची चाकं गरगर गरगर फिरत होती, नुसता खडखडाट. शेजारचा मोठा बैल निवांत, एखादं चाक फिरलं न फिरलं असं, आणि तरी दोघं एकाच रेषेत.

मी रस्त्यातच थांबले.

मीटर रस्ता कुठं पाहतो? मीटरला डोळे आहेत का? तो चाकाचे फेरे मोजतो, आणि लहान चाक आहे असं समजूनच मोजतो. चाक मोठं झालं, फेरे कमी झाले, मीटर म्हणतो कमी चालली. आणि माझं माहेर काही जवळ आलेलं नव्हतं. मी काही धारेवर चालवत नव्हते. बढाई गेली, पण पायही आरोपातून सुटला!

मी मुलीला उचलून कडेवर घेतलं, तिचा बैल काखेत मारला आणि घराकडे जवळजवळ पळत निघाले. ती बोजाऱ्यासाठी रडत होती. "देतो माय, मीच देतो तुले बोजारा," म्हणत होते मी.

जीपच्या मागे स्टेपनी लटकलेली होती. मामाजींनी टायर घेतले चारच, पाचवा नव्हता घेतला, त्यामुळे स्टेपनी जुन्याच मापाची होती. सगळा पावसाळा ती आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती, चाकांपेक्षा बोटभर लहान, आणि एकाला दिसली नाही. मी ह्यांना म्हटलं, "स्टेपनी काढा."

"काहून?"

"काढा म्हणतो ना!"

त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि काढली. मी तिच्यावर चुन्याचा एक पट्टा ओढला, जीपच्या चाकावरही तसाच एक ओढला. मामाजी गादीवरून म्हणाले, "सूनबाई, आता काय पूजा करतेस का गाडीची?" मी म्हटलं, "हाव मामाजी. या तुमीबी. आत्याबाई, तुमीबी या, तुमाले मोजाचं आहे."

हे आणि दोन हमाल जीप ढकलू लागले, मी पदर खोचून शेजारून स्टेपनी लोटू लागले. दुकानाच्या पायरीपासून रस्त्याच्या वळणावरच्या आंब्यापर्यंत. आत्याबाईंनी माझ्या चाकाचा चुना वर आला की मोजायचं, मामाजींनी जीपच्या चाकाचा. आत्याबाई मोजताना इतक्या मोठ्यानं ओरडत होत्या की शेजारच्या पिठाच्या चक्कीवरची माणसं पांढऱ्या हातांनी बाहेर आली. आंब्यापाशी पोचलो. आत्याबाईंचे झाले अकरा. मामाजी वाकून चाकावरचा चुना पाहू लागले.

"तुमचे किती जी?" आत्याबाईंनी विचारलं.

"दहा," मामाजी म्हणाले. मग म्हणाले, "एखांदा चुकला असन माहा."

"चुकला नाई मामाजी. मीटरबी असाच मोजते. अकराच्या जागी दहा." माझा आवाज चढला होता, मला थांबवता येईना. "चाकाचे फेरे कमी दिसले म्हणून माहा पाय जड झाला! टाकी त्याच रस्त्यावर गेली ना? का पेट्रोल मी प्याली?"

"म्हणजे माह्या टायरनं घोटाळा केला म्हणतेस?"

आता खरं तर इथं मी जिंकायला पाहिजे होतं. पण त्यांचा चेहरा पाहिला, ते मोठ्या हौसेनं आणलेले टायर, त्यांच्याभोवती मारलेल्या फेऱ्या, सगळं आठवलं, आणि माझा आवाज आपोआप खाली आला. "टायरनं नाई जी. टायर तर बेस आहेत, एकडाव फसली नाई गाडी. ते मीटरले कोणी सांगतलं नाई का चाक बदललं म्हणून."

चक्कीवाले हसले. मामाजी हसले नाहीत, पण आंब्याखाली उभे राहून मिशी चाचपत राहिले.

व्यापारी माणूस, एका मोजणीवर कसा विश्वास ठेवेल? दुसऱ्या दिवशी सकाळी ते धुतलेलं धोतर नेसून बाहेर आले आणि जीपमध्ये पुढे बसले. माझ्या शेजारी. मी चालवायला लागल्यापासून ते एकदाही माझ्याबरोबर बसले नव्हते. "लाखनीकडं घे," म्हणाले. "हायवेवर सरकारचे दगड आहेत. तेच सांगतीन." एकेक किलोमीटरचा दगड मागे पडला की ते डाव्या खिशातली एक सुपारी उजव्या खिशात टाकायचे. मीटरकडे बघायचे, दगडाकडे बघायचे. मी हळू चालवत होते, पाय रेसवर इतका अलगद की मलाच तो आहे की नाही कळेना. दहा सुपाऱ्या उजव्या खिशात गेल्या तेव्हा मीटर नवाच्या थोडा पुढे होता.

"दगड बरोबर आहेत," मामाजी म्हणाले. माझ्याबद्दल काही नाही. दगडांबद्दल बोलले.

परतताना मात्र त्यांनी विचारलं, "चिखलात थोडं जास्त तर पितच असन?"

"पिते मामाजी," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू? मोठं चाक जड, त्याला हलवायलाच जोर लागतो, चढावर गाडी लवकर धापा टाकते, खालचा गिअर टाकावा लागतो. माझ्या पायाला ते कळायचं. "पण तुमाले वाटते तेवढं नाई. आन् लहान चाकानं तर दिघोरीच्या रस्त्यात बसूनच राहिलो असतो."

"हाव," म्हणाले. बस, एवढंच. घरी आल्यावर त्यांनी किल्ली मागितली नाही. गादीमागच्या खिळ्यावर किल्ली टांगायची पद्धत होती, मीही आठवण करून दिली नाही. ती माझ्या कमरेला राहिली. ह्यांनी खुशीत दुकान सांभाळलं. त्यांना पोती मोजायला आवडायचं, रस्ता कधीच आवडला नव्हता. पुढची कितीतरी वर्षं रोवण्याला खत मीच नेलं आणि दर खेपेला माहेरचा चहा प्यायले. मामाजी मीटर पाहायचेच, पण आता पाहून म्हणायचे, "दहाले अकरा धर."

पुढं एक वेळ अशी आली की रस्ते डांबरी झाले, गावोगावी ट्रॅक्टर आले, शेतकरी स्वतःच खत नेऊ लागले आणि जीप कडुनिंबाखाली उभी राहून पानं झेलू लागली. मामाजी तेव्हा काठी घेऊन चालायचे. गोंदियाकडचा एक ठेकेदार जीप पाहायला आला. गाडी बरी होती, मी जपली होती. त्यानं बॉनेट उघडलं, खाली वाकून पाहिलं, आत बसून मीटर पाहिला आणि खूश झाला. "बस इतनीच चली?" म्हणाला.

दुकानदारीतला कोणीही माणूस इथं गप्प बसतो. मामाजी जन्मभर दुकानात बसलेले. हे गादीवर होते, त्यांनी मान खाली घालून हसू दाबलं. मी दाराच्या पडद्यामागे चहाचा ट्रे घेऊन उभी.

मामाजींनी काठी टेकली आणि म्हणाले, "मीटरवर नोको जाऊ भाऊ. टायर मोठे आहेत. मीटरले दहा दिसले त अकरा चालली समज."

ठेकेदार चमकला. "मंग भाव कमी करा लागन शेटजी."

"कर ना बाप्पा. पण तो अकरावा हिशेबातून सोडाचा नाई. तो माह्या सूनबाईनं चालवला आहे."

डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. ठेकेदारानं भाव पाडून मागितला, मामाजींनी दिला. मग त्यांनी पडद्याकडे पाहून हाक मारली, "सूनबाई, चाय आण. आन् किल्ली तूच दे याले, तुह्या हातानं."